‘तहानलेला बोका’ नावाचा सरकारी निवारा

आमच्या काउंटीत अंडं फेटायला आणि शर्टाला बटण लावायला कुणी शिकवलं असं कुणालाही विचारा, तो आर्डिथ क्वामे यांचंच नाव घेईल. शाळेत त्या स्वयंपाक आणि शिवण शिकवायच्या. त्यामुळे शेरीफपासून पाद्रीबुवांपर्यंत सगळे त्यांना अजूनही ‘बाई’च म्हणतात. पुढे मुलं कमी झाली आणि शाळेनं तो विषय बंद केला. नेमका त्याच सुमाराला काउंटीला आपत्कालीन व्यवस्थापक हवा होता. काम अर्धवेळ, कचेरी कोर्टाच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी. अर्ज एकच आला, बाईंचा.

मी ऑर्लिन. काउंटीचा बर्फ हटवणारा ट्रक चालवतो. बाईंच्या वर्गात मला शिवणात नापासाचा शेरा मिळाला होता. शिवलेल्या उशीत मी कापूस भरायला विसरलो होतो. पण पुढे त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त हिंडलो तो मीच. नॉर्थ डकोटात हिवाळ्यात व्यवस्थापक बाईंना जिथं जायचं असतं तिथं माझ्या ट्रकच्या मागून किंवा माझ्या ट्रकमधूनच जावं लागतं.

दर ऑक्टोबरात बाई कॉफीचे रिकामे डबे घेऊन गावभर फिरायच्या. डब्यात मेणबत्ती, काडेपेटी, लाल फडकं, शिट्टी आणि चॉकलेट. ‘गाडीत ठेवायचं, अडकलात तर उघडायचं.’ पहिल्या वर्षी नोव्हेंबर उलटायच्या आत गावातली सगळी चॉकलेटं संपली. अडकलं कुणीच नव्हतं. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी बाईंनी डब्यात केकमध्ये घालायचं बिनसाखरेचं कडू चॉकलेट ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षी चर्चमध्ये अर्धा गाव तोंड वाकडं करून प्रार्थना म्हणत होता. चॉकलेटं मात्र वसंतापर्यंत टिकली.

लोक त्यांना हसायचे, पण त्यांच्यासमोर नाही. काउंटी मंडळाचे अध्यक्ष गेलॉर्ड सँडव्हिक सभेत म्हणायचे, “बाई, आम्ही इथंच जन्मलो. आम्हाला थंडी शिकवू नका.”

“गेलॉर्ड,” बाई म्हणायच्या, “गेल्या जानेवारीत बर्फात वाट चुकलास तेव्हा तुला तुझ्याच कोठाराजवळून कुणी आणलं?”

“तो भाग वेगळा.”

आता मार्चमधल्या त्या वादळाकडे येतो.

हवामान खात्यानं आधीच बजावलं होतं. राजधानीतल्या राज्य कार्यालयानं सगळ्या काउंट्यांच्या व्यवस्थापकांना फोनवर एकत्र घेतलं. कुणाकडे किती खाटा, किती डिझेल, वादळात वाहनं अडवायची फाटकं कोणत्या रस्त्यावर केव्हा लावायची, सगळं ठरलं. बाईंनी शाळेच्या व्यायामशाळेत खाटा मांडल्या, सुपाची पातेली आणली आणि दारावर ‘अधिकृत निवारा’ अशी पाटी लावली. पण शनिवारी सकाळी असं छान ऊन पडलं, की लोक अंगणात बाह्या सारून गाड्या धूत होते. गेलॉर्ड नळी हातात धरून बाईंना म्हणाले, “काय बाई, वादळ वाट चुकलं वाटतं.”

बाईंनी आभाळाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “ऑर्लिन, ट्रक काढ. चौफुल्यावरचं फाटक लावून येऊ.”

चौफुला गावापासून बराच लांब. तिथं हमरस्ता आणि आमचा रस्ता एकमेकांना छेदतात आणि त्या कोपऱ्यावर एकच इमारत आहे, ‘तहानलेला बोका’ नावाचा बार. बार डेल्मर क्वामेचा. आडनाव ऐकलंत ना? तो बाईंचा घटस्फोटित नवरा. पंधरा-वीस वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. म्हणजे बोलायचे, पण मधे कुणीतरी ठेवून. लग्नात, मयताला, चर्चच्या जेवणात मी स्वतः कितीदा हे ओझं वाहिलंय. ‘त्याला सांग, बटाट्याच्या पोळ्या इकडे सरकव.’ ‘तिला सांग, हात लांब आहेत तिचे.’ दोघं एकाच टेबलावर.

आम्ही फाटकापाशी पोचलो आणि वारा फिरला. पाऊस सुरू झाला, त्याच्या गारा झाल्या आणि गारांचा बर्फ. माझ्याच ट्रकचं पुढचं पातं मला दिसेना. फाटक लावलं, पण हमरस्त्यावर जे आधीच होते ते अडकले होते. बाई खिडकी उघडून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि शिट्टी वाजवायला लागल्या. मी गोगलगायीच्या चालीनं पुढं, आणि माझ्या मागं एकेका गाडीचे दिवे जुळत गेले. मुलींच्या बास्केटबॉल संघाची बस, काही मोटारी आणि शेवटी एक मोठा ट्रक. गावाकडं परतणं शक्यच नव्हतं. जवळचा दिवा एकच होता, आणि तो बारच्या पाटीवरच्या हिरव्या बोक्याचा होता. बोक्याच्या एका हातात पेला, तो लुकलुकत होता.

“बाई,” मी म्हटलं, “दुसरं काही नाही.”

“मला दिसतंय,” बाई म्हणाल्या. वादळात त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा पडलेला वाटला.

आत गेलो. डेल्मर काउंटरमागे पेले पुसत होता. उंच, वाकलेला, मिशा पांढऱ्या. त्याच्यासमोर रोजचे तीन म्हातारे शेतकरी पत्ते खेळत बसलेले. आमच्या मागून बर्फानं माखलेल्या मुली एकामागून एक येतच राहिल्या, त्यांच्या मागून त्यांची प्रशिक्षक मार्लिस, मोटारींतली माणसं आणि सगळ्यांत शेवटी तो ट्रकवाला, रुबेन एस्कामिया. रुबेन टेक्सासच्या दक्षिण टोकाचा. त्याच्या पायात पातळ कातडी बूट होते आणि चेहऱ्यावर फसवलं गेल्याची भावना.

“हे दरवर्षी होतं?” त्यानं मला विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “कधी कधी याहून जोरात होतं.”

बाईंनी टोपी काढली आणि मला म्हणाल्या, “ऑर्लिन, या माणसाला विचार, इंधन किती दिवस पुरेल.”

‘हा माणूस’ आमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा. डेल्मर मला म्हणाला, “तिला सांग, ऐकू आलं. सोमवारपर्यंत पुरेल. आणि सांग, पाय पुसून आत यावं.”

“त्याला सांग, पुसलेत.”

मुलींच्या माना टेनिसच्या सामन्यातल्यासारख्या इकडून तिकडे, तिकडून इकडे.

बाईंकडे राज्यानं दिलेला वायरलेस होता. नोंदलेल्या निवाऱ्यांकडे बर्फाची मोठी यंत्रं आणि डॉक्टर आधी जातात आणि घरच्यांना निरोपही राज्य कार्यालयातून पोचतात. शिवाय बारमध्ये इतक्या शाळकरी मुली म्हणजे कायद्याचाही प्रश्न. तेव्हा हा बार अधिकृत निवारा करून टाकायचा असं बाईंनी ठरवलं. राजधानीतून ब्रेडन नावाच्या मुलाचा आवाज आला, फार सभ्य.

“निवाऱ्याचं नाव सांगा, मॅडम.”

बाईंनी घसा साफ केला. “तहानलेला बोका.”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

“मॅडम, पुन्हा सांगता का? मला ‘तहानलेला बोका’ असं ऐकू आलं.”

“बरोबर ऐकलंस.”

“ही शाळा आहे की चर्च?”

मागून म्हातारा इंग्वाल्ड पत्ता टाकत म्हणाला, “काही जणांसाठी चर्चच म्हणायचं.”

“बार आहे,” बाई म्हणाल्या.

“ठीक आहे, मॅडम. एक अडचण आहे. तुमच्या काउंटीच्या आराखड्यात लिहिलंय, की अधिकृत निवाऱ्यात दारू विकता, देता किंवा दिसेल अशी ठेवता येणार नाही. ‘दिसेल अशी’ याच्याखाली रेघ आहे.”

“माहितीये मला.”

“हे कुणी लिहिलं असेल ते विचारून सूट—”

“मीच लिहिलंय, ब्रेडन. रेघही मीच मारलीये. नोंदव निवारा.”

त्यांनी वायरलेस ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. मला काय करायचंय ते कळून चुकलं होतं. मी डेल्मरकडे बघितलं. डेल्मरनं पुसत असलेला पेला हळूच खाली ठेवला.

“तिला विचार,” तो म्हणाला, “बारमधून दारू काढल्यावर काय उरतं.”

“त्याला सांग, छप्पर.”

डेल्मरनं मुलींकडे बघितलं. त्यातली एक सगळ्यांत लहान चणीची, ओले मोजे हातात धरून कुठं वाळत घालावे ते शोधत होती. तिनं ते शेवटी बिअरच्या नळांवर अडकवले. डेल्मरनं मान हलवली आणि मागच्या खोलीतून नाताळच्या सजावटीतलं भलंमोठं कापड आणलं. त्यावर येशूजन्माचं चित्र होतं, गोठा, मेंढ्या, राजे, सगळं. ते त्यानं बाटल्यांच्या फळ्यांवरून सोडलं. राहिलेल्या नळांवर मुलींनी आपणहून मोजे चढवले.

अडचण आली ती पत्तेवाल्यांची. इंग्वाल्डच्या पुढ्यात अर्धा पेला बिअर होती.

“इंग्वाल्ड, पेला,” बाईंनी हात पुढं केला.

“बाई, ते अडकलेले आहेत. आम्ही अडकलेलो नाही. आम्ही रोज इथंच असतो.”

“आज घरी जाता येतंय का तुला?”

“मला रोजही जायचं नसतं.”

बाईंनी जरा विचार केला. “मग तुम्ही निर्वासित नाही. कर्मचारी आहात. तिघांचीही निवारा कर्मचारी म्हणून नेमणूक करते.”

तिघं खूश झाले. छाती पुढं काढून बसले. “कर्मचाऱ्यांना प्यायला मिळतं ना?” एकानं विचारलं.

“कामावर असताना? नाही.”

“काम किती वाजता संपतं?”

“वादळ संपल्यावर.”

इंग्वाल्डनं पेला दिला, पण शेवटचा घोट आधी घेतला. बाईंनी तिकडे बघितलं नाही. त्यानंतर तिघांनी ब्लँकेटं वाटली, मुलींच्या बुटांच्या जोड्या लावल्या, आणि आपल्या घरी कधी घासली नसतील एवढी भांडी घासली.

खायला बारमध्ये शेंगदाणे होते आणि व्हिनेगरमधली अंडी. ती बरणी कधी भरली ते डेल्मरलाही आठवत नव्हतं. तेवढ्यात रुबेन भीत भीत म्हणाला, “माझ्या ट्रकात दही आहे.”

“किती?”

“ट्रकभर.”

सगळं स्ट्रॉबेरीचं. आम्ही ते त्या रात्री खाल्लं, दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्लं, दुपारी खाल्लं. मार्लिसनं मुलींना हे खेळाडूंसाठी उत्तम असतं असं सांगून बघितलं. मुलींनी आपले डबे तिच्याकडे सरकवले. मी अजूनही दुकानात त्या गुलाबी डब्यांच्या रांगेसमोरून जात नाही, पलीकडून वळसा घेतो.

वादळाचा खरा तडाखा रविवारी दुपारी बसला. वाऱ्यानं इमारत कण्हत होती. मुली आदल्या दिवशी गाणी म्हणत होत्या, नाचत होत्या, आता मात्र गप्प पडून होत्या. ती मोजेवाली मुलगी मार्लिसला म्हणाली, “माझं डोकं दुखतंय.” तिच्या शेजारची म्हणाली, “माझंही.” इंग्वाल्ड पत्ते पिसता पिसता पेंगत होता.

बाई लेफ्सा, म्हणजे आमची बटाट्याची पोळी, लाटावी तसं टेबल पुसत होत्या. त्या थांबल्या. एकेका मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग सरळ काउंटरपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “डेल्मर, हीटरचं धुराडं कुठून बाहेर निघतं?”

हाक थेट त्यालाच होती. मीच तोंड उघडलं होतं निरोप द्यायला, ते तसंच राहिलं.

“उत्तरेच्या भिंतीतून,” डेल्मर म्हणाला. “जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर.”

“म्हणजे बर्फाखाली गेलंय. धूर आत येतोय. विषारी वायूचा इशारा देणारा भोंगा कसा वाजला नाही?”

डेल्मर पुसलेलाच पेला पुन्हा पुसायला लागला.

“डेल्मर.”

“पत्त्यांच्या वेळी टुकटुक करायचा,” तो म्हणाला. “मी बॅटरी काढून ठेवलीये.”

बाई त्याला काय बोलल्या ते इथं लिहीत नाही. पाद्रीबुवाही हे वाचतील. बोलता बोलता त्यांनी हीटर बंद केला, मला मागचं दार फटीएवढं उघडून धरायला लावलं, मुलींना उठवून दाराजवळ आणलं आणि स्वतः कोट चढवला.

“तू कुठं निघालीस?” डेल्मर म्हणाला.

“धुराडं मोकळं करायला.”

“माझी भिंत आहे. मला माहितीये कुठं आहे ते.”

“बॅटरी कुठं आहे तेही तुला माहिती होतं.”

“तू एकटी गेलीस तर कोपऱ्यावरच उडून जाशील.”

“आणि तू एकटा गेलास तर परत यायचं विसरशील.”

शेवटी दोघंही गेले. माझ्या ट्रकमधला ओढायचा पट्टा दोघांच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक बास्केटबॉल संघाच्या हातात दिलं. त्या मुलींनी जसा पट्टा धरला तसा त्यांनी हंगामभर चेंडू धरला असता तर जिल्ह्यात पहिल्या आल्या असत्या, असं मार्लिस नंतर म्हणाली. फावडं एकच होतं, ते बाईंनी घेतलं. डेल्मरनं पेले न्यायचं मोठं पत्र्याचं ताट घेतलं.

दारातून दोन पावलं टाकली आणि दोघं दिसेनासे झाले. पट्टा ताणला जायचा, सैल व्हायचा. वाऱ्यातून मधूनच आवाज यायचे. आधी मला वाटलं मदतीला हाका मारतायत. कान दिला तर भांडत होते.

“डावीकडे खण, डावीकडे.”

“माझं डावं की तुझं?”

“डावं एकच असतं, डेल्मर.”

मी हसलो नाही. मीही पट्ट्याला एक हात घातला. त्या वाऱ्यात कोपऱ्यामागे हरवलेला माणूस एप्रिलमध्ये सापडतो.

ते परत आले तेव्हा दोघांच्या भुवया बर्फानं पांढऱ्या होत्या आणि डेल्मरच्या मिशीला सुळके लोंबत होते. धुराडं मोकळं झालं होतं. हवा भरपूर खेळू दिली, मग हीटर लावला, आणि भोंग्यात बॅटरी घातली. ती घालताना इंग्वाल्डनं डोक्यावरून टोपी काढली. मुलींची डोकी हळूहळू हलकी झाली. मोजेवालीनं दही मागितलं तेव्हा आम्ही ओळखलं, की आता धोका टळला.

बाई आणि डेल्मर हीटरजवळ बाकावर बसले होते, एकाच ब्लँकेटमध्ये, कारण कोरडं ब्लँकेट एकच शिल्लक होतं. त्यांच्याकडे बघून त्या मोजेवाल्या मुलीनं विचारलं, “तुम्ही एकमेकांशी का बोलत नव्हता?” गावात आम्हा कुणाची हे विचारायची हिंमत झाली नसती.

“त्यानं ब्लँकेट घेतलं नाही,” बाई म्हणाल्या.

“आभाळ निरभ्र होतं,” डेल्मर म्हणाला.

मग सगळी गोष्ट बाहेर पडली. लग्न लागलं त्याच संध्याकाळी दोघं गाडीनं फार्गो शहराकडे निघाले. बाई म्हणाल्या ब्लँकेट घेऊ. नवरदेव म्हणाला आभाळ निरभ्र आहे. वाटेत गाडी खड्ड्यात गेली, वादळ आलं, आणि रात्रभर दोघं तिथं. गाडीत काय होतं? बोलिंगचा चेंडू. पिशवीसकट.

“त्या पिशवीत तू पाय घातले होतेस,” डेल्मर म्हणाला. “हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस.”

“पिशवीत घातले. चेंडू तुझ्या मांडीवर होता.”

“गारठलेला. रात्रभर.”

मुली हसून लोळायला लागल्या. रुबेनला गोष्ट नीट समजली नव्हती, त्यानं ती पुन्हा सांगायला लावली आणि दोघांनी पुन्हा सांगितली, या वेळी एकमेकांच्या चुका काढत. मी पहिल्यांदा बघत होतो, बाई हसत होत्या. चाळीस वर्षांचा राग सांगता सांगता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मग अचानक थांबल्या आणि म्हणाल्या, “मला वाटलं होतं सकाळ बघणार नाही.”

डेल्मर म्हणाला, “मलाही. म्हणून तर रात्रभर बडबडत होतो. तुला झोप लागू नये म्हणून.”

“मला वाटलं तुला कसली फिकीरच नाही.”

डेल्मरनं मिशीतलं पाणी पुसलं. ब्लँकेटचं आपल्याकडचं टोक त्यानं थोडं तिकडे सरकवलं. बाईंनी ते थोडं परत सरकवलं. तिघे कर्मचारी छताकडे बघत बसले.

सोमवारी राज्याचं मोठं यंत्र हमरस्त्यावरून बर्फाचे फवारे उडवत आलं. मागोमाग डॉक्टर. त्यांनी मुली तपासल्या, सगळ्या ठणठणीत. मुलींच्या बसमागून रुबेनचा ट्रक निघाला, अर्धा रिकामा. त्यानं जाताना बाईंना मिठी मारली आणि मला हळूच विचारलं, “टेक्सासला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता?” मी दक्षिणेकडे बोट दाखवलं. तो त्याच दिशेनं गेला आणि पुन्हा आमच्याकडे आला नाही. नाताळला बाईंना त्याचं शुभेच्छापत्र मात्र येतं. त्यावर समुद्रकिनारा असतो.

राजधानीत आढावा बैठक झाली तेव्हा बाईंनी उभं राहून जसं घडलं तसं सांगितलं, भोंग्याच्या बॅटरीसकट. शाळेतल्या सगळ्या खाटा रिकाम्या राहिल्या होत्या आणि बारमध्ये मात्र एकही माणूस दगावला नाही. त्यावरून आता काउंटीच्या आराखड्यात ‘तहानलेला बोका’ कायमचा निवारा म्हणून आहे. दारूचा नियमही आहे, फक्त ‘किंवा दिसेल अशी ठेवता’ एवढे शब्द काढलेत. गेलॉर्ड सँडव्हिकनं प्रस्ताव मांडला. मतदानाला डेल्मर आला होता, मागच्या बाकावर बसला आणि बाईंशी थेट भांडला. खाटा कुठं ठेवायच्या यावरून. सभा तासभर लांबली. आमच्या गावात आता निरोप्याचं काम संपलंय. कधी कधी मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, कारण दोघांच्या मधे उभं राहून बऱ्याच गोष्टी आधी कळायच्या.

पुन्हा लग्न वगैरे काही झालं नाही. बाई आपल्या घरात, डेल्मर बारच्या वरच्या माळ्यावर. गेल्या वर्षी बाई निवृत्त व्हायच्या होत्या. काउंटीनं जाहिरात दिली, एकही अर्ज आला नाही, तेव्हा निरोपाचा केक खाऊन त्या दुसऱ्या दिवशी परत तळघरात हजर झाल्या.

दर रविवारी चर्च सुटलं, की बाईंची गाडी चौफुल्याकडे जाते. निवाऱ्याची तपासणी म्हणे. धुराडं बघायचं, भोंगा वाजवून बघायचा, ब्लँकेटं मोजायची. राज्याच्या नियमाप्रमाणे तपासणी वर्षातून एकदा पुरते. मी एकदा ट्रक थांबवून त्यांना तसं म्हटलंही. त्यांच्या हातात झाकलेलं पातेलं होतं, त्यातून मांस-बटाट्याचा वास येत होता.

“ऑर्लिन,” बाई म्हणाल्या, “तू रस्ता साफ कर.”

मी केला. थेट दारापर्यंत.